अनोळखी सोल रेकॉर्डचा माग काढताना गटाच्या नावापासून सुरुवात करू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यू जर्सीत एका घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं, तिथे सात इंची फोर्टीफाइव्ह (मिनिटाला ४५ फेरे फिरणाऱ्या) रेकॉर्ड्सची एक पेटी मिळाली. बहुतेक साठच्या दशकातलं सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकप्रिय संगीत. त्यातल्या पाच-सहा रेकॉर्ड्सवरच्या गटाचं नाव टाकून शोधलं तर एक तर काहीच हाती लागत नाही, नाहीतर त्याच नावाचे आठ गट समोर येतात. मधल्या कागदी चकतीवर, म्हणजे लेबलवर, वर्ष नाही. हे गायक कोण, कुठले, रेकॉर्ड कधी निघाली, हे कसं शोधायचं?

गटाच्या नावापासून सुरुवात केली म्हणूनच शोध अडला. लेबलच्या त्या कागदी चकतीवर गटाच्या नावाइतकं बेभरवशाचं दुसरं काही नसतं. नाव बऱ्याचदा रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचा (तिलाही लेबलच म्हणतात) मालक ठरवायचा आणि पुढच्या रेकॉर्डला बदलायचा. तीच चार पोरं दुसऱ्या लेबलवर दुसऱ्या नावाने गायची. कधी कधी गट असा नसायचाच; त्या दुपारी स्टुडिओत जे गायक हजर होते त्यांना एक नाव चिकटवलं जायचं. डायनॅमिक्स, मॅजेस्टिक्स, अँबॅसडर्स असल्या नावांचे गट तर गावोगावी होते.

शीर्षकाखाली कंसात बारीक अक्षरांत गीतकारांची जी आडनावं असतात, तिथे पकड मिळते. कारण साधं आहे. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की गायकाला छदामही मिळत नसे. पैसे मिळायचे ते गीतकाराला आणि प्रकाशकाला, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला. म्हणून गायकाचं नाव काहीही चालायचं, पण गीतकाराचं नाव चेक वटण्याइतकं खरं असावं लागायचं. आणि छोट्या गटांत गाणारा आणि लिहिणारा बहुधा एकच असायचा, निदान शेजारी तरी. तेव्हा शोधाचा क्रम असा ठेवा: आधी जागा, मग साल, मग कंसातली आडनावं, आणि गटाचं नाव सगळ्यात शेवटी.

सुरुवात इंटरनेटवर नाही, टेबलावर करायची. एक छोटा टॉर्च आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. रेकॉर्ड हातात धरून टॉर्चचा प्रकाश जवळजवळ आडवा, पृष्ठभागाला घासून जाईल असा पाडा. शेवटची खाच आणि लेबल यांच्यामध्ये जी गुळगुळीत पट्टी असते, तिला संग्राहक डेड वॅक्स म्हणतात. तिथे कोरलेलं किंवा ठशाने उमटवलेलं जे काही दिसेल ते दोन्ही बाजूंचं जसंच्या तसं उतरवून घ्या. मधला डॅश, खोडलेला आकडा, उलटं पडलेलं अक्षर, काही गाळू नका. हाताने कोरलेलं कोणतं आणि यंत्राने ठोकलेलं कोणतं, हेही लिहा. प्रकाश वरून सरळ पाडला तर निम्मी अक्षरं दिसतच नाहीत. इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये या पट्टीवरचे क्रमांक, म्हणजे मॅट्रिक्स नंबर, अर्धवट दिसतात ते बहुतेक त्यामुळेच.

या पट्टीवर रेकॉर्ड कुठे घडली ते लिहिलेलं असतं. वर्तुळात एम आर असा ठसा असेल तर दाबणी (म्हणजे साच्यात दाबून प्रती काढणं) लॉस एंजलिसच्या मोनार्क कारखान्यात झाली. छोटा त्रिकोण आणि पुढे पाच-सहा आकडे दिसले तर तेही तिकडचंच काम. हे त्रिकोणी क्रमांक कालक्रमाने चढत जातात, म्हणून ज्यांची तारीख ठाऊक आहे अशा शेजारच्या क्रमांकांशी लावून महिन्याच्या अंतरापर्यंत पोचता येतं. ए आर पी ही अक्षरं एकमेकांत गुंतवलेली दिसली तर ती मिशिगनमधल्या ओवोसो गावची अमेरिकन रेकॉर्ड प्रेसिंग कंपनी. मोटाउन या बड्या सोल कंपनीच्या पुष्कळ रेकॉर्ड्स तिथेच दाबल्या जायच्या, आणि डेट्रॉइटच्या कितीतरी चिल्लर लेबलांच्याही. 'नॅशव्हिल मॅट्रिक्स' असा ठसा किंवा एस ओ अक्षरांनी सुरू होणारा आकडा दक्षिणेकडे नेतो. 'बेल साउंड' हा ठसा न्यू यॉर्कमध्ये मास्टर, म्हणजे प्रतींसाठीची मूळ तबकडी, कापल्याची खूण. झेड टी एस ने सुरू होणारा लांब क्रमांक म्हणजे कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या कारखान्याने बाहेरच्या गिऱ्हाईकासाठी केलेलं काम. लेबलच्या दोन बाजूंना पाच आकडी सलग दोन क्रमांक दिसले तर सिनसिनाटीच्या राइट कंपनीची शक्यता तपासा. ओहायो, केंटकी, इंडियाना भागातली चर्चची गाणी, शाळांचे बँड आणि हौशी सोल गट तिच्याकडे यायचे.

आरसीए कंपनी बाहेरच्यांसाठी दाबायची त्या रेकॉर्डचा मॅट्रिक्स नंबर म्हणजे तर उघडी दिनदर्शिकाच. पहिलं अक्षर वर्षाचं: पी म्हणजे १९६३, आर १९६४, एस १९६५, टी १९६६, यू १९६७, डब्ल्यू १९६८, एक्स १९६९. ओ, क्यू आणि व्ही ही अक्षरं वगळली आहेत, हे लक्षात ठेवलं नाही तर हिशेब चुकतो. म्हणजे लेबलवर 'टी ४ के एम' असं काही सुरू झालं तर १९६६ साल जवळपास नक्की. जवळपास एवढ्याचसाठी म्हणतो की ते साल मास्टर तयार झाल्याचं आहे. छोट्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत त्यानंतर काही आठवड्यांतच रेकॉर्ड हातात यायची, पण पुन्हा दाबली तरी अक्षर जुनंच राहायचं.

इथे एक सावधगिरी. कारखाना म्हणजे गाव नव्हे. लेबल देशभर विकणारं असेल तर तीच रेकॉर्ड पूर्वेला, मध्यभागी आणि पश्चिमेला अशा दोन-तीन कारखान्यांत दाबून घेतली जायची, म्हणजे वाहतुकीचा खर्च वाचायचा. अटलांटिक कंपनीच्या रेकॉर्ड्सवर म्हणूनच क्रमांकाच्या शेवटी एम ओ, एस पी, पी एल अशी शेपटं दिसतात: मोनार्क, पेनसिल्व्हेनियातलं स्पेशालिटी, मेम्फिसचं प्लास्टिक प्रॉडक्ट्स. तुमच्या हातातल्या प्रतीवर मोनार्कचा ठसा आहे एवढ्यावरून गायक कॅलिफोर्नियाचे ठरत नाहीत. पण लेबल अगदीच छोटं असेल, त्याच्या तीन-चारच रेकॉर्ड्स असतील आणि एकूण तीनशे-पाचशे प्रतीच काढल्या असतील, तर मालक सहसा गाडीने जाता येईल अशाच कारखान्यात जायचा. तिथे ठशावर बराच विश्वास ठेवता येतो.

रेकॉर्ड कशाची आहे तेही बघून ठेवा. व्हिनाइलची रेकॉर्ड किंचित वाकते आणि तिचं लेबल दाबतानाच पृष्ठभागात बसलेलं असतं. स्टायरीनची ताठ आणि हलकी असते, नखाने टिचकी मारली तर बारीक टणत्कार येतो, आणि लेबल वरून चिकटवलेलं किंवा थेट छापलेलं असतं. हा तपशील पुढे नकली प्रत ओळखताना लागेल. शिवाय स्टायरीनच्या खाचा झिजलेल्या सुईने फार लवकर खराब होतात. ओळख पटवण्यासाठी तीच तीच प्रत वीस वेळा वाजवू नका. चांगल्या सुईने एकदा वाजवून उतरवून घ्या आणि पुढे फाइल ऐका. साफ करायला डिस्टिल्ड वॉटर आणि सौम्य साबणाचा एक थेंब पुरे. लेबल कोरडं ठेवा. पेटीत अ‍ॅसिटेट निघाली, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर लाखेचा थर असलेली जड तबकडी, तर ती एकदाच, आणि तीही रेकॉर्डिंग चालू करून, वाजवायची.

आता लेबल. पत्ता छापला असेल तर तो आधी बघा. 'डेट्रॉइट ६, मिच.' अशा थाटात शहराच्या नावापुढे एक-दोन आकडे असतील तर तो जुना पोस्टल झोन. पाच आकडी झिप कोड १ जुलै १९६३ पासून आला. झोन असलेलं लेबल त्यामुळे बहुधा १९६३ च्या आधीचं किंवा त्याच सुमाराचं, आणि झिप असलेलं नक्की नंतरचं. उरलेली जुनी लेबलं संपेपर्यंत वापरायची सवय सगळ्यांनाच होती, म्हणून पहिल्या बाजूला 'बहुधा' आणि दुसऱ्या बाजूला 'नक्की'. वर्तुळातलं पी हे चिन्ह अमेरिकन रेकॉर्डवर दिसलं तर ती १९७२ किंवा त्यानंतरची धरा, कारण तिथे ध्वनिमुद्रणाला केंद्रीय कॉपीराइट मिळाला तोच १५ फेब्रुवारी १९७२ पासून. 'नॅशनली डिस्ट्रिब्युटेड बाय' अशी ओळ असेल तर शोध घ्या: त्याच क्रमांकाची, ही ओळ नसलेली आधीची स्थानिक आवृत्ती होती का? स्थानिक आवृत्तीवर पत्ता, फोन, अरेंजरचं (वाद्यरचना बसवणाऱ्याचं) नाव असतं. मोठ्या कंपनीने ती उचलली की यातलं बरंच गळतं, आणि कधी गीतकारांत एक नवंच नाव घुसलेलं दिसतं.

प्रकाशकाचं नाव वाचायला शिका, कारण ते जवळजवळ गावाच्या पाटीसारखं असतं. जोबेट म्हणजे मोटाउन. हे नाव बेरी गॉर्डीच्या जॉय, बेरी आणि टेरी या तीन मुलांच्या नावांतून बनलं. आर्क म्हणजे शिकागोचं चेस, कॉनराड म्हणजे तिथलंच व्ही-जे, ईस्ट म्हणजे मेम्फिसचं स्टॅक्स, फेम म्हणजे अलाबामातलं मसल शोल्स, मायटो म्हणजे डेट्रॉइटचं गोल्डन वर्ल्ड. लेबलचं नाव अगदीच वैयक्तिक वाटलं तर मालकाच्या घरात डोकवा. मिशिगनच्या ऑली मॅक्लॉक्लिन यांनी कॅरन, कार्ला आणि मोइरा ही लेबलं आपल्या मुलींच्या नावाने काढली होती. हे कळलं की तीन सुट्या लेबलांच्या याद्या एकाच माणसाच्या कामाची एक यादी होते. अरेंजरचं नावही तितकंच बोलकं: माइक टेरी दिसलं की डेट्रॉइट, जॉनी पेट दिसलं की शिकागो, बॉबी मार्टिन दिसलं की फिलाडेल्फिया. हे लोक बाहेरगावची कामंही घ्यायचे, म्हणून एकट्या अरेंजरवरून गाव ठरवू नका. प्रकाशक आणि अरेंजर एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर मात्र तिकडेच चालू लागा.

एवढं झाल्यावर इंटरनेट. फोर्टीफाइव्ह कॅट आणि डिस्कॉग्स या रेकॉर्ड्सच्या याद्या असलेल्या दोन संकेतस्थळांवर गटाच्या नावाने नव्हे, लेबलच्या नावाने शोधा आणि त्या लेबलची पूर्ण यादी क्रमांकाने लावून घ्या. तुमची रेकॉर्ड १०३ असेल तर १०२ आणि १०४ वर काय आहे? तेच गीतकार आहेत का? एकाच नावाची चार लेबलं चार शहरांत असू शकतात, म्हणून लेबलची अक्षरं, रंग, प्रकाशक जुळतात का ते चित्रांवरून बघूनच यादी एकत्र करा. सलग मॅट्रिक्स नंबरही असेच वापरता येतात. कारखान्यात एकाच फेरीत एकाच गिऱ्हाइकाने दिलेल्या दोन रेकॉर्ड्सचे नंबर शेजारी-शेजारी येतात, मग त्यांची लेबलं वेगळी का असेनात.

या शोधात सगळ्यात जास्त वेळ कॉपीराइट कॅटलॉगला द्या. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने १८९१ ते १९७८ पर्यंत नोंदींचे छापील खंड काढले. ते इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत. संगीताचा भाग पाचवा, वर्षाला दोन खंड: जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर. नोंदी शीर्षकाच्या अकारविल्हे असतात. प्रत्येकीत गाण्याचं नाव, शब्द आणि चाल कोणाची, हक्क कोणाचा, तारीख आणि एक क्रमांक. क्रमांकाआधी ई यू असेल तर गाणं अप्रकाशित म्हणून नोंदवलेलं, ई पी असेल तर प्रकाशित. छोट्या गटांची गाणी बहुतेक ई यू मध्ये सापडतात.

या नोंदीत काय मिळतं ते जवळून बघा. लेबलवर कंसात फक्त 'जोन्स - विल्यम्स' असतं. आता अमेरिकेत जोन्स किती आणि विल्यम्स किती! कॅटलॉगात मात्र त्याच गाण्याखाली दोघांची पूर्ण नावं येतात, कधी मधल्या नावासकट, आणि टोपणनावाने लिहिलं असेल तर काही ठिकाणी मूळ नावही दिलेलं असतं. हक्कदार म्हणून प्रकाशक दिसतो, आणि प्रकाशकच नसेल तर गायक-गीतकार स्वतः. तारीख दिवसासह असते. एका ओळीत तीन धागे. त्याहून पुढे जायचं असेल तर कॉपीराइट कार्यालयाकडे शुल्क भरून मूळ अर्जाची प्रत मागवता येते. त्या अर्जावर अर्जदाराचा पत्ता असतो, आणि १९६६ मधला पत्ता हाती आला की रस्ता, शाळा, चर्च सगळं उलगडायला लागतं.

या खंडांत चुकण्याच्या जागाही आहेत. स्कॅनवरून यंत्राने केलेलं अक्षरवाचन वाईट आहे. शोधाच्या चौकटीत गाणं सापडलं नाही म्हणजे ते नाही असं नव्हे. खंड उघडून अकारविल्हे पानावर जा आणि डोळ्यांनी बघा. शीर्षकातला 'द' आणि 'अ' क्रमात धरत नाहीत. लेबलवरचं शीर्षक आणि नोंदलेलं शीर्षक वेगळं असू शकतं, कंसातला भाग पुढे-मागे होतो. तुमच्या अंदाजाच्या सालाआधीचे दोन आणि नंतरचे दोन खंड तरी बघा, कारण काही जण रेकॉर्डच्या वर्षभर आधी गाणं नोंदवून ठेवायचे, तर काही जण रेडिओवर वाजायला लागल्यावर जागे व्हायचे. म्हणून ही तारीख म्हणजे रेकॉर्ड निघाल्याची तारीख असं कधीच लिहू नका. आणि पुष्कळ गाणी नोंदवलीच गेली नाहीत.

तिथे रिकामे हात परतलात तर गीतकारांसाठी पैसे गोळा करणाऱ्या बीएमआय आणि एस्कॅप या संस्थांच्या सार्वजनिक सूचीत शीर्षक आणि आडनाव टाका. तिथे गीतकाराच्या नावावरची बाकीची गाणीही एकत्र दिसतात, आणि तीच पुढची वाट. अमुक जोन्सच्या नावावर दुसऱ्या एका डेट्रॉइट लेबलवरची तीन गाणी असतील तर त्या लेबलवरचे गट तपासा. तुमचाच गट दुसऱ्या नावाने तिथे गातोय का, ते ऐका. खरंच कानाने ऐका. मुख्य गायकाचा आवाज हा असा पुरावा आहे जो कोणत्याही कागदावर नसतो. मात्र मागचं वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण तेच आहे म्हणून गट तोच, असं समजू नका. डेट्रॉइटमध्ये एकच बॅकिंग ट्रॅक दोन-दोन गायकांना वापरायची पद्धत होती.

साल आणि महिना पक्का करायला व्यापारी साप्ताहिकं: बिलबोर्ड, कॅश बॉक्स, रेकॉर्ड वर्ल्ड. बिलबोर्डचे जुने अंक गूगल बुक्सवर पूर्ण वाचता येतात, बाकीचे वर्ल्ड रेडिओ हिस्टरी या संकेतस्थळावर. नव्या सिंगल्सच्या चार-चार ओळींच्या परीक्षणात गट, गाणं, प्रकाशक आणि लेबल क्रमांक असतो. कॅश बॉक्समध्ये बऱ्याचदा गाण्याची लांबी आणि गीतकारही. इथेही यंत्रशोधावर विसंबू नका, मॅट्रिक्सवरून आलेल्या तारखेच्या आजूबाजूचे आठ-दहा अंक सरळ चाळा. एक खड्डा हमखास लागतो: ३० नोव्हेंबर १९६३ पासून जानेवारी १९६५ च्या अखेरीपर्यंत बिलबोर्डने आर अँड बी, म्हणजे सोलच्या वर्गातल्या, सिंगल्सची लोकप्रियतेची यादीच छापली नाही. त्या चौदा महिन्यांतली रेकॉर्ड 'चार्टवर आलीच नाही' असं विधान बिलबोर्डच्या भरवशावर करता येत नाही. कॅश बॉक्सची यादी बघावी लागते. स्थानिक रेडिओ केंद्रं दुकानांतून दर आठवड्याला आपल्या लोकप्रिय गाण्यांचं छापील पत्रक वाटायची. डेट्रॉइटजवळच्या इंकस्टरचं डब्ल्यूसीएचबी, शिकागोचं डब्ल्यूव्हीओएन, मेम्फिसचं डब्ल्यूडीआयए, फिलाडेल्फियाचं डब्ल्यूडीएएस यांची पत्रकं संग्राहकांनी स्कॅन करून ठेवली आहेत. जी रेकॉर्ड देशात कुठेच वाजली नाही ती एका शहरात तीन आठवडे अकराव्या क्रमांकावर असते, असं तिथेच कळतं.

मग कृष्णवर्णीयांची वर्तमानपत्रं. शिकागो डिफेंडर, मिशिगन क्रॉनिकल, पिट्सबर्ग कुरियर, फिलाडेल्फिया ट्रिब्यून, क्लीव्हलंडचं कॉल अँड पोस्ट, इंडियानापोलिस रेकॉर्डर. गोऱ्यांच्या मोठ्या दैनिकांत या गटांना जागा नव्हती. इथे मात्र नाइटक्लबच्या जाहिराती, टॅलेंट शोचे निकाल, चर्चच्या कार्यक्रमातले फोटो आणि फोटोखाली डावीकडून उजवीकडे नावं मिळतात. इंडियानापोलिस रेकॉर्डर इंडियाना राज्याच्या संग्रहात फुकट आहे. बाकीची बहुतेक सशुल्क आहेत, पण अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्डावर ती घरबसल्या उघडतात का ते आधी विचारा. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना ही सोय असण्याची शक्यता चांगली आहे. शहराच्या जुन्या पोल्क डिरेक्टरीत, म्हणजे पत्त्यांच्या आणि रहिवाशांच्या छापील सूचीत, लेबलचा पत्ता टाकला की तिथे रेकॉर्डचं दुकान होतं, न्हाव्याचं होतं की कोणाचं घर, हेही समजतं. घर असेल तर त्या घरात राहणाऱ्याचं नाव आणि व्यवसाय समोर येतो.

वाद्य कोणी वाजवलं हे हवं असेल तर संगीतकारांच्या युनियनचे सेशन करार. तीन तासांचं एक सेशन, त्यात जास्तीत जास्त पंधरा मिनिटांचं संगीत, असा नियम. करारावर तारीख, स्टुडिओ आणि वादकांची नावं. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. गायक वेगळ्या संघटनेत असायचे, म्हणून तुमचा गट त्या करारावर दिसणारच नाही. आणि छोट्या लेबलांची निम्मी कामं युनियनला न कळवता रात्री उरकलेली असायची, त्यांचा कागदच नाही. शिकागोत १९६६ पर्यंत गोऱ्या आणि काळ्या संगीतकारांच्या युनियन शाखा वेगळ्या होत्या, १० आणि २०८. त्याआधीचं काही शोधताना २०८ चे कागद मागायचे.

खोट्या नावांचा प्रश्न या क्षेत्रात फार खोलवर गेलेला आहे, आणि त्याचं मूळ इंग्लंडमध्ये आहे. सत्तरच्या दशकात मँचेस्टर, विगन, ब्लॅकपूल, स्टोक इथल्या क्लबांमधून अमेरिकेत न खपलेल्या वेगवान सोल रेकॉर्ड्सवर रात्र-रात्र नाच चालायचा. डेव्ह गॉडिन यांनी त्याला नॉर्दर्न सोल हे नाव दिलं. एखाद्या डीजेकडे दुर्मिळ रेकॉर्ड आली की दुसऱ्याला ती मिळू नये म्हणून तो लेबलवर कागद चिकटवायचा आणि गायकाचं नाव खोटंच सांगायचा. फ्रँक विल्सनची १९६५ ची, मोटाउनच्याच 'सोल' नावाच्या लेबलवरची रेकॉर्ड एडी फॉस्टरच्या नावावर खपवली गेली. ती मोटाउनने विक्रीला येण्याआधीच थांबवली होती, वाचलेल्या प्रती एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि २००९ मध्ये त्यातली एक २५,७४२ पौंडांना गेली. गोंधळ असा की एडी फॉस्टर हाही खराच गायक होता, त्याची स्वतःची रेकॉर्ड आहे. अशी खोटी नावं कॅसेटवर गेली, तिथून नकली रेकॉर्ड्सच्या लेबलांवर आणि तिथून याद्यांमध्ये. म्हणून एखाद्या गायकाचा उल्लेख फक्त ब्रिटिश स्रोतातच सापडत असेल आणि अमेरिकन कागद एकही नसेल, तर ते नाव बाजूला ठेवा.

त्याच काळात इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेतही नकली प्रती निघाल्या. अस्सल प्रत स्टायरीनची असताना तुमची व्हिनाइलची असेल, अस्सलवर ठोकलेला ठसा असताना तुमच्यावर हाताने उथळ खरवडलेला आकडा असेल, लेबलच्या बारीक अक्षरांच्या कडा भिंगाखाली ठिपक्यांत फुटत असतील, तर ती लेबलचा फोटो काढून छापलेली नक्कल. नकली प्रतीचा मॅट्रिक्स आणि कारखाना तुमच्या शोधाला पूर्णपणे चुकीच्या गावी नेतो, म्हणून हा निकाल सुरुवातीलाच लावून टाकावा.

कधी गटाचं नावच पत्ता सांगतं, तेव्हा काम सोपं होतं. ओहायोतल्या कोलंबस शहरात रेडिओवर काम करणारे बिल मॉस यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कॅपसोल नावाचं लेबल चालवलं. नावाचा अर्थ राजधानीचं सोल, कारण कोलंबस ही ओहायोची राजधानी. त्यावर एक गट होता: जॉन्सन, हॉकिन्स, टेटम अँड डर. चार आडनावं, त्यातलं शेवटचं दुर्मिळ. अशा वेळी शोध नेहमी सगळ्यात दुर्मिळ आडनावापासून सुरू करा. जुनी रेकॉर्डिंग्ज पुन्हा काढणाऱ्या शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपने २००४ मध्ये आपला पहिला संग्रह याच लेबलवर काढला. लेबलची सगळी माणसं, टेप्स आणि करार एकत्र शोधले की एकेका रेकॉर्डमागे धावण्यापेक्षा किती जास्त हाती लागतं, ते त्या कामावरून कळतं.

पूर्ण नावं, गाव आणि साल जमलं की जिवंत माणसांकडे वळायचं. १९६६ मध्ये अठरा-वीस वर्षांचा असलेला गायक १९५० च्या जनगणनेत लहान मूल म्हणून आई-वडिलांच्या आणि भावंडांच्या नावांखाली सापडतो; ती जनगणना १ एप्रिल २०२२ पासून खुली आहे. गटातले दोघे भाऊ किंवा शेजारी असल्याचं तिथे उघड होतं. त्या पत्त्याजवळच्या हायस्कूलची स्कॅन केलेली वार्षिकं चाळा. बरेच गट शाळेच्या टॅलेंट शोमधून निघाले. मृत्युलेख काळजीपूर्वक वाचा, कारण 'तरुणपणी अमुक गटात गायचे' हे वाक्य तिथेच असतं आणि हयात नातेवाइकांची नावंही. गायिकांची आडनावं लग्नानंतर बदलतात, म्हणून त्यांचा माग भावाच्या किंवा आईच्या मृत्युलेखातून लागतो. सापडलेला पत्ता, फोन, नातेवाइकांची माहिती कुठेही छापायची नाही. पहिला संपर्क पत्राने करा, उत्तराची वाट बघा, आणि रेकॉर्ड विकत घेण्याची भाषा त्या पत्रात आणू नका. या लोकांना फसवणारे आधी बरेच येऊन गेलेले असतात.

प्रत्येक माहितीपुढे ती कुठून आली ते लिहून ठेवा: मॅट्रिक्सवरून, कॅटलॉगवरून, अमुक तारखेच्या अंकावरून, की माणसाने सांगितलं म्हणून. एकमेकांवरून न उतरलेले दोन स्रोत जुळले की ती गोष्ट पक्की धरा. दहा संकेतस्थळांवर तेच वाक्य असेल तर तो एकच स्रोत मोजायचा.

भेट झाली तर वर्ष विचारू नका, आठवणीतली वर्षं दोन-तीनने सरकतात. 'सैन्यात बोलावणं येण्याआधी की नंतर?', 'तेव्हा नोकरी कुठल्या कारखान्यात होती?', 'सराव कोणाच्या तळघरात व्हायचा?', 'स्टुडिओला कोणाच्या गाडीतून गेलात?' असं विचारा, आणि सालं मागाहून कागदांवरून लावा. जाताना त्यांच्या गाण्याची स्वच्छ उतरवलेली प्रत घेऊन जा. कित्येकांकडे स्वतःची रेकॉर्ड उरलेली नसते. ती आधी ऐकवा, दोनदा ऐकवा, आणि मग पहिला प्रश्न: मागचा तो वरचा सूर कोणाचा?